सर, तुम्ही मोजून पाहिलंत का?

मी मराठीचा मास्तर. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. एकदा पुस्तकात बघून फळ्यावर लिहिलं, "हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली पडतात." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही मोजून पाहिलंत का?" मुलाचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. मी म्हटलं, "गॅलिलिओने पाहिलंय, तू लिहून घे." वर्ग हसला, तो खाली बसला.

आज कळतं, चूक माझी होती. कारण शास्त्रज्ञ अजूनही मोजताहेत!

गुरुत्वाकर्षण पंक्तिभेद करत नाही, लोखंड असो, पीस असो की प्रकाश. हे समतुल्यतेचं तत्त्व. आइन्स्टाईनचा १९१५चा सिद्धांत त्याच्यावरच उभा आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची वर्दी पृथ्वीवर आली. आधी गुरुत्वीय लहरी, मग १.७ सेकंदांनी गॅमा किरण. प्रवास सुमारे १३ कोटी वर्षांचा! वाटेत आपल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने दोघांनाही थोडा उशीर झाला. तिथे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय लागला असता, तर ते इतके पाठोपाठ पोहोचलेच नसते. पुढे त्याच टकरीच्या रेडिओ लहरी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीनेही टिपल्या. चाकणवरून नाशिक रस्त्याने गेलं की ती लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत तिथे.

"शंभर वर्षांचा नियम पुन्हा पुन्हा तपासायचा कशाला?" असं काही जण विचारतात. मंडळी, आपल्या पट्ट्यात तरी हा प्रश्न पडू नये. काल पास झाले म्हणून आजचे जॉब न मोजता कुणी गाडीत भरतं का? नियम टिकला तर भरवसा वाढतो. मोडला तर नवं काही हाती लागतं. दोन्हीकडून फायदाच.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, खोडदला मुलांना जरूर घेऊन जा. आणि शिक्षक असाल तर "लिहून घे" म्हणू नका.

त्या दिवशी मी नुसते दोन दगड उचलून त्या मुलाला घेऊन गच्चीवर जायला हवं होतं. असो.