पापणीवरील लाली

ही गोष्ट १९९८ सालची. इंदुरात माझा दवाखाना सुरू होऊन फार वर्षे लोटली नव्हती. ओळखीच्या घरातील एक काकू, वय ५४, पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे घेऊन आल्या. वेणी घालताना हात वर राहत नाहीत, असे त्या जाता जाता म्हणाल्या. डर्मॅटोमायोसायटिसचे निदान अवघड नव्हते. स्टेरॉइडने लाली उतरली, हातांत बळ आले. मी समाधान पावलो. सात महिन्यांनी पोट फुगले, तेव्हा अंडाशयाचा कर्करोग सर्वत्र पसरलेला होता.

पुस्तकातील संबंध मला ठाऊक नव्हता असे नाही. पण त्वचेसाठी आलेल्या परिचित बाईंना ओटीपोटाच्या तपासणीविषयी कसे बोलावे, हा संकोच आड आला. आपल्या लहानशा समाजात डॉक्टर आणि रुग्ण हळदीकुंकवाला व लग्नकार्यात भेटतात. हा जिव्हाळा कधी असा महागात पडतो.

२००१ साली स्वीडन, डेन्मार्क व फिनलंडमधील एकत्रित नोंदी प्रसिद्ध झाल्या. या विकाराच्या ६१८ रुग्णांपैकी १९८ जणांना कर्करोग होता, आणि त्यांतील ११५ जणांत तो त्वचेच्या निदानानंतर उघड झाला. अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर ही ठिकाणे त्यांत प्रामुख्याने होती. धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक. गाठीविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्तीच त्वचेवर व स्नायूंवर उलटत असावी, असा तर्क आहे. मुलांमधील या विकारात मात्र कर्करोगाचा असा संबंध आढळत नाही. आणि कोडाने धास्तावलेल्या कुटुंबांसाठी सांगतो : कोड असलेल्यांत मेलॅनोमाचे प्रमाण उलट कमीच दिसते. सर्वच स्वप्रतिकार विकारांना एका माळेत ओवू नये.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार चाळिशीपुढील अशा रुग्णाची गणना अधिक धोक्याच्या गटात होते. निदानाच्या वेळीच मान, छाती, पोट व ओटीपोटाचा सीटी स्कॅन, स्त्रियांसाठी मॅमोग्राफी, ओटीपोटाची सोनोग्राफी व सीए-१२५, आणि मूलभूत तपासण्या पुढे तीन वर्षे दरसाल. खर्च मोठा आहे, हे मान्य. तरीही लाली उतरली म्हणून फाइल मिटणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी माझा मतभेद आहे.

आता मी पहिल्याच भेटीत सोनोग्राफीची चिठ्ठी लिहितो, आणि रुग्णाची संमती घेऊन बाहेर बाकावर बसलेल्या यजमानांनाही आत बोलावून कारण सांगतो.