पिंपळाचा श्वास आणि विहिरीचा तळ



वर्धा, देवळी, हिंगणघाटकडे आमचे जाणे झाले की एक वाद हमखास निघतो. जुनी माणसे सांगतात, रात्री पिंपळाखाली झोपू नये, मुंजा धरतो. शिकलेली मुले म्हणतात, खुशाल झोपा, पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो. आमच्या मते दोघेही चुकतात. ज्या झाडाखाली तथागतांना बोधी प्राप्त झाली, त्याचा आदर करायला खोट्या गुणाची गरज नाही.

पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळे पाणी पुरवतात आणि उन्हाच्या बळावर दोहोंची साखर होते. या कामात सुटलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. ऊन नाही तर काम बंद. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने 1779 साली लिहून ठेवले. हौदातले हिरवे शेवाळ काचेच्या ग्लासात घालून मुलांनी घरी पाहावे.

श्वास मात्र झाड दिवसरात्र घेते, आपल्यासारखाच. ज्वारीत साठलेले ऊन भाकरीतून आपल्या अंगात येते आणि ऑक्सिजनच्या मदतीने कापूस वेचणाऱ्या हाताला बळ देते. रात्री पिंपळ सोडतो तो वायू थोडा, आणि उघड्यावर पांगणारा. खाली झोपणाऱ्याला त्याची बाधा नाही. साप-विंचवाचे तेवढे पाहावे.

भ्यायचेच तर पडक्या विहिरीला भ्या. तिच्यात निंबाची, बाभळीची पाने पडून कुजतात. कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही ऑक्सिजन लागतो. वर उन्हात ऑक्सिजन देणारे पान तळाच्या अंधारात तो संपवायला कारण होते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. तो 10 टक्क्यांखाली गेला की माणूस कोसळतो, हाक मारायला उसंत मिळेलच असे नाही.

आणि गाळ काढायला उतरतो कोण? मालक काठावर उभा असतो. खाली जातो तो आपल्या घरातला मजूर. तो पडला की भाऊ धावतो, मग तोही पडतो.

जुने लोक आधी कंदील सोडून पाहत. विझला तर उतरायचेच नाही. पण जळत राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये, सगळे विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. गटारात तर दिवा नेऊच नका, तिथला वायू पेटतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवले असेल तर त्याचा धूरही जीव घेतो. कमरेला दोर आणि वर दोर ओढणारी माणसे असल्याशिवाय उतरू नका. कोणी आत पडलाच तर मागोमाग जाऊ नका, 112 ला फोन लावा.

मालक म्हणेल, पाच मिनिटांचे तर काम आहे. त्याला सांगा, आधी तळापर्यंत हवा सोडणारा पंखा भाड्याने आणा.