मॅटेडोर आणि गाडामालक

आमच्या जुन्नर-आंबेगावात 'मॅटेडोर' म्हटलं की डोळ्यांसमोर बैल येत नाही, गाडी येते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची (म्हणजे आताची फोर्स मोटर्स). नारायणगावला टोमॅटो न्यायचे, मंचरला कांदे न्यायचे, वऱ्हाड न्यायचं, सगळं तिच्यातूनच. नाव आलं हॅम्बुर्गच्या मूळ टेम्पो कंपनीकडून, त्यांनी १९४९ साली एका गाडीला ते दिलं होतं. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ 'मारणारा' असा आहे हे मी आमच्या काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग बरोबरच आहे की! बैलांचं काम तिनंच मारलं."

हे आठवायचं कारण म्हणजे परवा एका लग्नात पंगतीला झालेला वाद. बैलगाडा शर्यतीवरून. पुण्याची पाहुणेमंडळी म्हणाली, स्पेनमधले ते मॅटेडोर आणि तुमचे गाडामालक, फरक काय? गावाकडचे म्हणाले, काहीतरीच काय, आम्ही बैलाला पोरासारखा सांभाळतो. मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत.

आधी शब्दाचं बघू. स्पॅनिशमध्ये या धंद्यातल्या माणसाचा सर्वसाधारण शब्द 'तोरेरो'. 'तोरो' म्हणजे वळू, लॅटिन 'तॉरुस'वरून आलेला, आणि 'एरो' हा धंदा सांगणारा प्रत्यय, आपल्या शेतकरी-गावकरीतल्या 'करी'सारखा. (तोरो म्हणजे बैल नव्हे बरं का. औताच्या बैलाला तिकडे 'बुए' असा वेगळाच शब्द आहे.) घोड्यावरून भाला टोचणारा, काटेरी काठ्या रोवणारा हेही तोरेरोच. पण शेवटी तलवार घेऊन वळूला ठार करतो तो एकटाच 'मातादोर'. 'मातार' म्हणजे ठार मारणे. हे क्रियापद कुठून आलं यावर अजून वाद आहे. काही जण ते लॅटिनकडे नेतात, काही अरबी 'माता'कडे, म्हणजे 'मेला'. बुद्धिबळातली आपली 'मात'ही काही जण त्याच अरबी शब्दाची मानतात. आणि 'टोरेआडोर' हा शब्द जगभर गाजला तो बिझेच्या १८७५ सालच्या 'कार्मेन' या फ्रेंच ऑपेरामुळे. स्पेनमध्ये आता तो कुणी फारसा वापरत नाही.

आता आपला घाट घ्या. पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची यात्रा भरते, गाडे पळतात. चार बैल, पुढे घोडी, आणि गाड्यावर माणूसच नाही! चढ किती सेकंदांत मारला एवढंच बघायचं. बारी झाली की भंडारा उधळतात आणि नाव घेतात ते बैलाचं. माणसाला शब्द आहे तो 'गाडामालक', फार तर 'शौकीन'. बैलाला जिंकणारा किंवा हरवणारा असा शब्दच आपल्याकडे नाही, कारण तसा माणूसच या खेळात नाही. तेव्हा मॅटेडोरची उपमा इथे बसत नाही, हे पाहुण्यांनी मान्य करायला हरकत नसावी.

पण गावकीचंही उत्तर अपुरं आहे. मारत नाही म्हणजे छळत नाही असं थोडंच आहे? ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या त्या बैल मरतात म्हणून नव्हे, त्यांना पळवण्यासाठी जे केलं जातं त्यावरून. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका. पुढे २०१७ साली राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. गावोगाव फटाके वाजले. त्या परवानगीतल्या अटी मात्र किती जणांनी वाचल्या असतील देव जाणे. (गंमत म्हणजे स्पेनमध्येही असंच झालं. कातालोनियाने २०१० साली बंदीचा कायदा केला, तो तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ साली रद्द केला.)

मला स्वतःला घाट आवडतो, लपवत नाही. खिल्लार खोंड चढाला लागलं की अंगावर काटा येतो. ट्रॅक्टर आल्यापासून त्या खोंडाला शेतात काम उरलेलं नाही, दावणीला ते टिकलंय ते या नादापायीच, हा गावकऱ्यांचा मुद्दा मला खरा वाटतो. पण म्हणूनच बारी सुटायच्या आधी, गाडा जुंपताना, गर्दीत कुणाच्या हातात काय आहे हे बघायचं काम पुण्याच्या पाहुण्यांचं नाही आणि कोर्टाचंही नाही. ते तिथे उभ्या असलेल्या आपल्याच मंडळींचं आहे. "पोरासारखा सांभाळतो" म्हणणारे आमचे दाजीही तिथेच असतात, कमिटीचा बिल्ला लावून. येत्या यात्रेला मी त्यांच्या शेजारी उभा राहणार आहे. तसं त्यांना पंगतीतच सांगितलंय. ते हसले, म्हणाले, "या की. पण बोट दाखवणार असाल तर आधी आपल्या चुलत्यांकडे दाखवा."