‘स्टँडर्ड फॅमिली’ म्हणजे नेमकी कोणती?

आमच्या वरठीत भंडारा रोड स्टेशन आहे. तिथे जनरल डब्यात शिरायचं तर धक्के खावे लागतात. पण कॉलेजच्या फॉर्मवर जातीच्या रकान्यात हेच ‘जनरल’ लिहिताना आपली छाती फुगते!

मुसलमानांत जात नाही, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि लग्नाच्या बायोडाटात विसरतो. तिथे पिंजारी, कुरेशी, फकीर असे शब्द नसतात. ‘स्टँडर्ड फॅमिली’, ‘गुड बॅकग्राउंड’, ‘आपल्या स्टेटसचं स्थळ’ असतं. मी म्हणतो, ही सरळसरळ जातच आहे. इंग्रजीत सांगितली की लाज वाटत नाही, एवढंच.

लाज वाटते ती ‘बॅकवर्ड’ची. दोस्तांनो, जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमार, म्हणजे पठाणांचा युसूफ खान, त्यासाठी सभांमधून बोलला. १९९४ मध्ये शासन निर्णय निघाला. आणि आपली हुशार पोरं आजही ‘ओपन’ लिहून पूर्ण फी भरतात, कारण काय, तर आजोबा रुई पिंजायचे हे लोकांना कळेल!

याची किंमत नातवंडं मोजतात. घरातल्या जुन्या दाखल्यांवर जात म्हणून नुसतं ‘मुसलमान’ असलं की व्हॅलिडिटी अडते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तेव्हा मोहाडी तहसीलला जा, जुन्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज टाका. घरातले म्हातारे जिवंत आहेत तोवर त्यांना गाव आणि धंदा विचारून घ्या.