कुठली धाव 'धरायची', हे ठरवतं कोण?

माझ्या कॉलेजमधला एक सीनियर गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीत पन्नास किलोमीटरची ट्रेल रेस धावला. पहाटे अंधारात हेडलॅम्प लावून निघाला, दोन गड चढला-उतरला आणि सोललेले गुडघे घेऊन दुपारी परत आला. ग्रुपवर आम्ही सगळे सुटलो, "आता थेट मोंब्लाँ!" त्याचं उत्तर तीन शब्दांचं होतं, "ही धरत नाहीत."

'धरत नाहीत' हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. स्पर्धा खेळलात, जिंकलात, सर्टिफिकेट आणलंत आणि खिडकीपलीकडून कळलं की वाढीव क्रीडागुणांसाठी ही स्पर्धा यादीत नाही. घाम खरा असतो, फक्त यादी दुसऱ्याची असते. म्हणून डोंगरातल्या अल्ट्रा शर्यतींचा हा वाद धावपटूंपुरता नाही, तो तुमचा-माझाही आहे.

आधी एक कबूल करू, चाळणी लागतेच. अल्ट्रा-ट्रेल द्यू मोंब्लाँ, म्हणजे यूटीएमबी, 2003 पासून फ्रान्सच्या शामोनीत होते. अंतर 170 किलोमीटरच्या वर, चढ सुमारे 10 हजार मीटर आणि वाट फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून. इथे रात्री, थंडीत कोणीही हौशी माणूस सोडून चालणार नाही. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट आणि वादळी वारा आला आणि 21 धावपटू गेले. त्यांत नावाजलेले धावपटूही होते. डोंगर सर्टिफिकेट बघत नाही हे खरं, पण अनुभव विचारणं आयोजकांचं कामच आहे.

प्रश्न पुढचा आहे. अनुभव मोजायचा कसा?

यूटीएमबीची जुनी पद्धत गुणांची होती. अंतराचे किलोमीटर आणि त्यात दर 100 मीटर चढाला एक, अशी बेरीज करायची. 50 किलोमीटर आणि अडीच हजार मीटर चढ, म्हणजे 75. बेरीज जितकी मोठी, तितके शर्यतीला गुण जास्त. शर्यत कुठल्या देशातली, कोणाची, याने फरक पडत नव्हता. पण एक मेख होती. गुण मिळावेत म्हणून छोट्या आयोजकांना पैसे भरून आपल्या शर्यतीचं मूल्यांकन करून घ्यावं लागे.

अमेरिकेतल्या हार्डरॉक 100 या शर्यतीला हे पटलं नाही. कोलोरॅडोतल्या सिल्व्हर्टन गावातून सुटणारी ही शंभर मैलांची शर्यत 14 हजार फुटांवरच्या शिखरावरून जाते आणि वेळ मिळतो 48 तास. त्यांची पात्रता यादी साध्या विचारावर उभी आहे : ज्या शर्यतीने तुम्हाला उंची, रात्र आणि लांब चढ यांची सवय लावली, ती धरायची. काही वर्षांपूर्वी त्यांनी चक्क यूटीएमबीलाच यादीतून काढलं. पात्रतेसाठी दुसऱ्या शर्यतींना पैसे भरायला लावणं चूक, हे त्यांचं कारण. अवघड असूनही एक शर्यत यादीबाहेर गेली, ती तत्त्वासाठी.

2021 मध्ये यूटीएमबीने आयर्नमॅन ग्रुपशी हातमिळवणी केली आणि वर्ल्ड सिरीज आली. आता शामोनीच्या लॉटरीत उतरायला 'रनिंग स्टोन' लागतो आणि तो मिळतो फक्त याच मालिकेच्या शर्यतींत. 20 किलोमीटरच्या गटाला एक, 50 ला दोन, 100 ला तीन, शंभर मैलांना चार. 'मेजर' म्हटलेल्या शर्यतीत दुप्पट. जितके स्टोन, तितक्या लॉटरीत चिठ्ठ्या. बाहेरच्या शर्यतीतली वेळ तुमच्या इंडेक्समध्ये धरली जाऊ शकते, पण नुसत्या इंडेक्सवर लॉटरीचं दार उघडत नाही.

हिशेब करून बघा. मालिकेतली वीस किलोमीटरची एक सोपी धाव चिठ्ठी देते. माझ्या सीनियरचे सह्याद्रीतले पन्नास किलोमीटर देत नाहीत. त्याने थायलंडच्या चियांग माईला जायचं तर विमान, हॉटेल, एंट्री फी आलीच. मग ही चाळणी पायांची राहिली की खिशाची?

आयोजक म्हणतील, लाखो लोकांना यायचंय, जागा मोजक्या, काहीतरी पद्धत हवीच. मान्य. पण जागा कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्सलाही मोजक्याच आहेत. वनखात्याच्या परवान्यामुळे जेमतेम 369. तिथे वेगवेगळ्या आयोजकांच्या शर्यतींची यादी जाहीर असते. नंबर लागला नाही तर पुढच्या वेळी तुमच्या चिठ्ठ्या दुप्पट होतात : एक, दोन, चार, आठ. सातव्या खेपेला 64. वाट बघण्याला तिथे किंमत आहे. ही पद्धतही निर्दोष नाही, दर वेळी नव्याने पात्र व्हायलाही पैसा आणि वेळ जातोच. पण कोणाच्या दुकानातून घेतलंत हे तिथे कोणी विचारत नाही.

आमचं म्हणणं एवढंच. यादी करणाऱ्याने तीन गोष्टी उघड सांगाव्यात : काय मोजतो, का मोजतो, आणि यादीत येण्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागतात का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर त्याला पात्रता म्हणू नये, तिकीट म्हणावं.

आणि हे तीन प्रश्न घरीही विचारा. उद्या तुम्हीच कॉलेजच्या फेस्टची, ट्रेकची, टीमची निवड करणार आहात. तेव्हा यादी तुमच्या हातात असेल. समोरच्याने कुठे धाव घेतली ते बघाल की किती चढला ते?

सीनियर पुढच्या हिवाळ्यात परत तीच रेस धावणार आहे. धरत नाहीत, तरी.