ठिपक्याचा बाण कुणी करायचा?

रायडर कॅरल या न्यूयॉर्कच्या डिझाइनरने २०१३ मध्ये आपली नोंदी ठेवण्याची पद्धत लोकांपुढे मांडली, तेव्हा तिला फक्त एक वही आणि एक पेन लागत होतं. कामासाठी ठिपका, कार्यक्रमासाठी वर्तुळ, टिपणासाठी आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली मारायची, पुढे न्यायचं असेल तर ठिपक्याचा बाण करायचा. लहानपणी अवधानाच्या विकाराचं निदान झालेल्या मुलाने मन ताळ्यावर ठेवण्यासाठी हळूहळू बसवलेली ही युक्ती ‘बुलेट जर्नल’ या नावाने जगभर पसरली. तिच्याभोवती सोवळंही तयार झालं. हे सगळं कागदावरच व्हायला हवं. मोबाइलमध्ये केलं की बाटलं!

वहीवाल्यांचं पहिलं अस्त्र म्हणजे हस्ताक्षर. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं, असं संशोधनच सांगतं म्हणे. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांनी तसं दाखवलं होतं खरं. लॅपटॉपवर टिपणं काढणाऱ्यांपेक्षा हाताने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना संकल्पनांवरचे प्रश्न चांगले सुटले होते. मात्र इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा फरक तितका ठामपणे हाती लागला नाही. टोकियो विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास तर थेट दैनंदिनीवरच होता. ४८ जणांना एका संभाषणातल्या तारखा आणि वेळा कॅलेंडरमध्ये नोंदवायला दिल्या. कागदवाल्यांना सुमारे ११ मिनिटं लागली, टॅबलेटवाल्यांना १४, फोनवाल्यांना १६. नंतर त्या नोंदी आठवताना मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागांतली हालचालही कागदवाल्यांचीच जास्त दिसली.

हे मान्य. पण दैनंदिनी कशासाठी असते, गोष्ट डोक्यात ठेवायला की डोक्यातून उतरवायला? विम्याचा हप्ता २७ तारखेला आहे हे तोंडपाठ असण्यात कसला पुरुषार्थ? २७ च्या सकाळी कुणीतरी आठवण केली की पुरे, आणि नेमकं तेच मिटलेल्या वहीला जमत नाही.

दुसरा आक्षेप लक्ष विचलित होण्याचा. काम लिहायला फोन उघडावा आणि अर्ध्या तासाने कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत बसलेलं सापडावं, हे कुणाला नवीन नाही. तरीही डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाने वही उघडायची कशी? तोच माणूस मोकळ्या अंगठ्याने दोन ओळी फोनवर सहज टाकतो. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला पेन धरवत नाही, पण २०१७ पासून गूगलला मराठीत बोलून लिहायला सांगता येतं. लक्ष विचलित होणं हा त्रास आहेच. नोंदच न होणं हा त्याहून मोठा त्रास आहे.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ॲप दुसऱ्याचं असतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलेलं ‘वंडरलिस्ट’ हे लोकप्रिय ॲप ६ मे २०२० रोजी बंद पडलं. ‘एव्हरनोट’ने २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली. वही अशी कुणी परस्पर बंद करत नाही. ती रिक्षात मात्र विसरते, आणि विसरली की तिची दुसरी प्रत नसते. ज्या ॲपमधून सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात तेच निवडावं आणि महिन्यातून एकदा ती फाइल काढून ठेवावी, म्हणजे या आक्षेपाची धार बरीच बोथट होते.

गंमत अशी, की जो आक्षेप खरोखर घ्यायला हवा तो वहीवाले क्वचितच घेतात. कॅरलच्या पद्धतीचा जीव सुंदर अक्षरात नाही की रंगीत चिकटपट्ट्यांत नाही. तो बाणात आहे. राहिलेलं काम पुढे न्यायचं तर ते पुन्हा हाताने लिहावं लागतं. लिहायचा कंटाळा आला, तर ते काम बहुधा करण्याजोगं नसतंच. अनेक ॲप हा कंटाळाच काढून टाकतात. कालचं काम आपोआप आजच्या यादीत येतं, परवाचंही येतं, आणि महिन्याभरात तांबड्या अक्षरांतली थकबाकी इतकी वाढते की यादी उघडायचीच भीती वाटते.

पण यंत्रालाही हा कंटाळा शिकवता येतो आणि तो खुद्द कॅरलनेच शिकवला. त्याच्या वहीला जोड म्हणून आलेल्या ॲपमध्ये केलेली नोंद ७२ तासांनी पुसली जाते. त्याआत ती वहीत उतरवायची. वहीवाले म्हणतील, बघा, शेवटी वहीच! पण ‘हे ठेवायचं का?’ हा प्रश्न तिथे घड्याळ लावून विचारणारं ॲपच होतं.

तेच घरच्या ॲपमध्येही करता येतं. बिलं आणि हप्ते यांना गजर लावून ते यादीबाहेर काढायचे. कामं आपोआप पुढे ढकलणारी सोय असेल तर बंद करायची. रविवारी गेल्या आठवड्याचं पान उघडून उरलेलं प्रत्येक काम एकतर पुसायचं, नाहीतर नव्या पानावर पुन्हा टाइप करायचं. उचलून चिकटवायचं नाही. मराठी स्वयंपाकघराला हा शिरस्ता नवा नाही. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून भिंतीवर आहे, त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडले जातात आणि महिनाअखेरीस हिशेब चुकता करूनच पान उलटलं जातं. पुढच्या पानावर मागचे खाडे आजवर कुणी उतरवलेले नाहीत.