मनःशांतीवर लिहिताना पथ्य पाळा

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. चक्कर येते, चिडचिड होते, तीन रात्री डोळा लागलेला नाही, डोक्यात मधूनच विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, अशी तक्रार. रक्तदाब ठीक, साखर ठीक. बोलता बोलता कळले की, मनोविकारतज्ज्ञांनी चिंतारोगासाठी दिलेली गोळी त्यांनी आठवड्यापूर्वी एकदम बंद केली होती. कारण विचारताच त्यांनी खिशातून घडी घातलेले कात्रण काढले. "डॉक्टर, तुम्हीच लिहिलंय की! रोज वीस मिनिटं ध्यान केलं की गोळीची गरज नाही."

लेख माझाच होता. वाक्य अगदी तसे नव्हते. "रोज वीस मिनिटे ध्यान करा, ध्यान हे गोळीइतकेच गुणकारी ठरले आहे," असे मी लिहिले होते. पण त्यापुढे जे लिहायला हवे होते, ते लिहिले नव्हते. गुरुजींनी सरळ अर्थ काढला. त्यांची चूक नव्हती, माझी होती.

मी ज्या प्रयोगाच्या आधारे लिहिले, तो खरा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील 'जामा सायकिअ‍ॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. चिंतारोगाच्या २७६ प्रौढ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एस्सिटालोप्राम ही गोळी दिली; दुसऱ्याला सजगतेचे, म्हणजे श्वास, शरीर आणि मनातले विचार यांकडे बरेवाईट न ठरवता लक्ष देण्याचे शिक्षण दिले. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. ध्यान करणाऱ्यांना दुष्परिणामही कमी झाले. येथवर बातमी चांगली.

मी गाळले ते पुढचे. त्या रुग्णांना दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता, प्रशिक्षित शिक्षक होते आणि घरी रोज ४५ मिनिटांचा अभ्यास होता. त्याशिवाय एक दिवसभराचे शिबिरही होते. आपल्यावर कोणता उपचार चालू आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. आणि मुख्य म्हणजे, चालू असलेली गोळी बंद केली तर काय होते, हे तपासण्यासाठी तो प्रयोग नव्हताच. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. एकदम तोडली तर गुरुजींना झाला तो त्रास होऊ शकतो.

वाचकहो, मन हा विषय असा आहे की त्यावर कोणीही लिहावे, कोणीही बोलावे. मूळव्याधीवर लिहिताना माणूस दहादा विचार करतो. मनःशांतीवर मात्र एका बैठकीत लेख होतो. खाणाऱ्याच्या पथ्याची आपण चर्चा करतो. लिहिणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत, असे माझे मत आहे.

१. प्रयोग कोणावर झाला, किती दिवस झाला आणि कशाशी तुलना केली, हे सांगावे. "संशोधनाने सिद्ध झाले आहे" एवढे पुरेसे नाही.

२. फायदा जेवढा, तेवढाच लिहावा. २०१४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी ध्यानावरील ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक फायदा दिसला. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचे मात्र आढळले नाही. माफक म्हणजे व्यर्थ नव्हे, पण रामबाणही नव्हे.

३. कोणी सावध राहावे, हे त्याच लेखात लिहावे. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीत तर साफ म्हटले आहे की, ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असणाऱ्यांना ती सुचवली जात नाही. साधना शिकवणारे जे उघड सांगतात, ते तिचे गुणगान करणाऱ्यांनी का गाळावे?

४. लिहिणाऱ्याचे शिबिर, पुस्तक किंवा औषध विक्रीला असेल, तर ते वाचकाला कळले पाहिजे.

५. चूक झाली तर त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी. आजचा लेख त्यासाठीच आहे.

यावर एक आक्षेप येईल. इतके सगळे लिहिले तर लेख वाचणार कोण? लोकांना सोपे हवे असते. मला हे पटत नाही. खताच्या पिशवीवरचा मजकूर आपला शेतकरी नीट वाचतो, कारण त्यावर त्याचे पीक अवलंबून असते. अवघड गोष्ट सोपी करून सांगणे हे लेखकाचे कामच आहे. परंतु सोपे करणे वेगळे आणि अर्धे सांगणे वेगळे.

मी स्वतः रोज सकाळी ध्यानाला बसतो आणि बसत राहीन. मनाला निवांतपणा मिळतो, हा माझा अनुभव आहे. पण माझा अनुभव म्हणजे तुमचे औषध नव्हे.

गुरुजींची गोळी त्यांच्या तज्ज्ञांनी पुन्हा सुरू केली. पंधरा दिवसांत झोप लागली. आता ते गोळी घेतात आणि ध्यानही करतात. पुढे गोळी कमी करायची की नाही, हे त्यांचे तज्ज्ञ ठरवतील, वर्तमानपत्र नव्हे.

वाचकांना एकच विनंती. मनाच्या आरोग्यावरचा कोणताही लेख, माझासुद्धा, वाचून चालू औषध बंद करू नका. कात्रण घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. मन फारच अस्वस्थ असेल, जगणे नको वाटत असेल, तर शासनाच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करा. पैसे पडत नाहीत.